श्वेत बटूचं माप

ब्लाउज वेळेवर न देण्याची कारणं सगळ्याच शिंप्यांकडे असतात, पण "तुमच्या आधी एका ताऱ्याचं माप घ्यायचं हाय" असं सांगणारा शिंपी आमच्या औंधात एकच. दस्तगीरचाचा.

चाचा ग्रह शोधतात, तेही भर दुपारी, दुकानात बसून. अवकाशातल्या दुर्बिणीनं टिपलेल्या ताऱ्यांच्या प्रकाशाचे आलेख इंटरनेटवर कुणालाही तपासायला मिळतात. चाचा ते छापून आणतात आणि त्यावर गळ्यातली टेप लावतात. ग्रह ताऱ्यासमोरून गेला की प्रकाश कमी होतो, आलेखात खळगा पडतो. चाचांना लागतात फक्त श्वेत बटू, म्हणजे जळून संपलेले, जेमतेम पृथ्वीएवढे उरलेले तारे. "तारा एवढासा आन् ग्रह त्याच्यापरीस मोठा निघाला तर? सदरा पोराचा, खिसा पैलवानाचा," म्हणतात. त्यांना अजून एकही सापडलेला नाही. "सापडंल की. घाई कुणाला हाय?" गिऱ्हाइकांनाही ते हेच सांगतात.

गेल्या वर्षी माझी बायको गेली. मी निवृत्त भूगोलाचा मास्तर. दिवसकार्य उरकलं, पाहुणे पांगले, आणि मी भिंतीकडे बघत बसू लागलो. तेव्हा चाचा आलेखांचं बाड घेऊन दारात उभे. "आवं मास्तर, डोळं लय दुखाय लागल्यात. एवढं तपासून द्या."

मग रोज नवं बाड. मी चिडायचो, पण टेप लावायचो. हळूहळू सकाळीच दाढी करून त्यांची वाट बघायला लागलो.

मागच्या महिन्यात एका आलेखात सारख्या अंतरावर पाच खळगे दिसले. मी टेप पुन्हा लावून पाहिली. "चाचा, कळवा त्या दुर्बिणीवाल्यांना." चाचा नुसता चष्मा पुसत राहिले. "कळवू की." आठवडा गेला तरी कळवेनात, तेव्हा मीच त्यांच्या दुकानात जाऊन संगणक उघडला.

तिथल्या यादीत त्या ताऱ्यापुढे चाचांच्याच नावाची जुनी नोंद होती : दुर्बिणीचा दोष, ग्रह नाही. मी तपासलेला प्रत्येक तारा त्यांनी आधीच तपासलेला होता.

"मला जुनेच आलेख देत होता?"

चाचांनी मशीनचं चाक हातानं थांबवलं. "जुन्याची मापं मला पाठ हायती. तुमचं बरुबर आलं की कळायचं, आज मास्तर बरं हायती." मग चाक सोडून माझ्याकडे वळले. "आमची गेली तवा दुकान दोन महिनं बंद हुतं. काम घिऊन कुणी आलं न्हाई."

मला त्यांचे आभार मानायचे होते, पण ते राहूनच गेले. मी स्टूल ओढून त्यांच्याशेजारी बसलो आणि म्हणालो, "आता न तपासलेले काढा, चाचा. निम्मे तुम्ही, निम्मे मी."