महालक्ष्मी दाराबाहेर

दारातला वरवंटा कोणी उचलला, हा प्रश्न बोरगाव मेघेच्या त्या घरात पुढं बरेच दिवस विचारला गेला. उचलला होता प्रेरणानं, म्हणजे अनुसयाबाईंच्या सुनेनं, आणि अगदी चांगल्या हेतूनं. महालक्ष्म्या घरात घ्यायच्या त्या दुपारी उंबऱ्यापाशी रांगोळी काढताना तो काळा गुळगुळीत दगड तिला मध्येच आला. फोटोतही बरा दिसेना. तिनं तो धुतला, पुसला आणि स्वयंपाकघरात पाट्याजवळ नेऊन ठेवला. वरवंट्याची जागा ती, असं कुठल्याही शहाण्या सुनेला वाटणारच.

पण या घरात अक्षय तृतीयेपासून वरवंट्याची जागा दारात होती, आणि त्याला कारण होतं स्वप्निलचं कुलूप.

स्वप्निल पुण्याला संगणकाच्या कंपनीत होता. उन्हाळ्यात सुटीवर आला तो हे कुलूप घेऊनच. त्याला किल्ली नव्हती. अंगठा लावायचा, की दार उघडायचं. आत शिरून दार लोटलं, की ते आपलं आपण बंद व्हायचं. "आई, किल्ली ही मागच्या शतकातली गोष्ट आहे," असं तो म्हणाला तेव्हा अनुसयाबाईंच्या मनात आलं, मागच्या शतकातली तर मीही आहे. पण मुलगा हौसेनं काही आणतो तेव्हा आईनं फार बोलू नये, म्हणून त्या गप्प बसल्या.

कुलूप बसवायला आलेल्या माणसानं सगळ्यांचे अंगठे घेतले. अनुसयाबाईंच्या नवऱ्याचा, पुंडलिकरावांचा लागला, स्वप्निलचा लागला, प्रेरणाचा तर स्पर्शासरशी लागला. अनुसयाबाईंचा काही केल्या लागेना. जन्मभर भाकरी थापून आणि राखेनं भांडी घासून अंगठ्यावरच्या रेघा कुठल्या कुठं गेल्या होत्या. स्वप्निल तेवढ्यात ऑफिसचा फोन आला म्हणून गच्चीवर गेला. त्या माणसाला पुढं सेवाग्रामला दुसरं काम होतं, त्याची घाई चाललेली. शेवटी काहीतरी तडजोड झाली. स्वप्निल खाली आला तेव्हा त्याच्या मोबाइलवर 'आई' या नावापुढं हिरवी खूण उमटली होती. तो खूश झाला. तडजोड कोणती, ते त्यानं विचारलं नाही आणि अनुसयाबाईंनी सांगितलं नाही.

मुलगा-सून पुण्याला गेले आणि दोनच दिवसांनी अनुसयाबाई दूध घ्यायला फाटकापाशी गेल्या, तर मागं 'टिक' झालं. पुंडलिकराव बाजारातून येईपर्यंत त्या दुधाचं पातेलं हातात धरून पायरीवर बसून होत्या. त्या दिवशी त्यांनी वरवंटा आणून दाराला लावला. एवढं थोरलं कुलूप, आणि त्याच्यापुढं आडवा पडलेला दगड. दोघांचा संसार सुखाचा चालला होता.

सुखाची नव्हती ती एकच गोष्ट. शेजारच्या आनंदाबाई घरी यायच्या बंद झाल्या होत्या.

आनंदाबाई आणि अनुसयाबाई दोघी एकाच उन्हाळ्यात लग्न होऊन त्या आळीत आल्या. मध्ये कमरेएवढी भिंत. नाचणगावला सासरच्या मूळ घरी जायचं झालं, की अनुसयाबाई घराची किल्ली आनंदाबाईंच्या खुंटीला अडकवून जायच्या. आनंदाबाई दिवसातून दहा वेळा 'काय करून राह्यली वं' म्हणत थेट चुलीपर्यंत यायच्या. त्यांच्या कुळात महालक्ष्म्या नाहीत, म्हणून या घरच्या महालक्ष्मीला पहिली सवाष्ण त्याच. पण कुलूप बसलं त्याच संध्याकाळी त्या नेहमीसारख्या आत आल्या, आणि स्वप्निल अगदी गोड आवाजात म्हणाला, "काकू, आता बेल वाजवून येत जा, बरं का. सिस्टिममध्ये नोंद राहते."

आनंदाबाई आल्या पावली परत गेल्या. अनुसयाबाईंनी तेव्हा मुलाला टोकलं नाही. मग रोज वाटायचं, आज आपण जाऊ. रोज वाटायचं, तिनं का येऊ नये. असा अख्खा पावसाळा सरत आला.

तर ती दुपार. पंचांगात महालक्ष्म्या दिवेलागणीच्या आत घ्याव्यात असं दिलेलं. नाचणगावहून थोरल्या जाऊबाई, तानाबाई, आल्या होत्या. त्या घरची रीत अशी, की आधी घरातल्या प्रत्येकानं तेलात कालवलेल्या कुंकवात हात बुडवून दाराबाहेरच्या भिंतीवर ठसा उमटवायचा. मग बायकांनी तुळशीपासून मुखवटे घेऊन यायचं, आणि घरच्या कर्त्यानं आतून विचारायचं, कोण आलं. दरवर्षी त्या भिंतीवर आनंदाबाईंचाही ठसा असे. या वर्षी नव्हता. तानाबाईंनी ठसे पाहिले, एकेक मोजून पाहिले.

तुळशीपाशी पूजा झाली. ज्येष्ठा तानाबाईंच्या ताटात, कनिष्ठा अनुसयाबाईंच्या. मुखवटे मातीचे, सासूबाईंच्या सासूनं आणलेले. त्यांचे रंग एका म्हाताऱ्या कुंभाराच्या हातचे, आता तसे रंगवणारं कोणी उरलेलं नाही. स्वप्निल ताटली वाजवत होता. प्रेरणा मोबाइलवर चित्र घेत होती. पुंडलिकराव दाराआड उभे होते ते तिला दिसेनात.

"बाबा, थोडं बाहेर या ना. फ्रेममध्ये तुम्ही येतच नाही," ती म्हणाली.

पुंडलिकराव टोपी सारखी करत दोन पावलं बाहेर आले. मागं वारा आला. दार लागलं.

टिक.

ताटलीचा आवाज थांबला. अनुसयाबाईंनी उंबऱ्याकडं पाहिलं. तिथं सुंदर रांगोळी होती.

"वरवंटा कुठी गेला?" त्यांनी विचारलं. प्रेरणानं सांगितलं.

"काही हरकत नाही," स्वप्निल म्हणाला. "यासाठीच तर हे कुलूप आहे." त्यानं ऐटीत अंगठा लावला. कुलूप हिंदीत बोलणारं होतं. ते म्हणालं, "फिर से प्रयास करें." त्यानं अंगठा सदऱ्याला पुसून पुन्हा लावला. पण तेलातलं कुंकू पुसल्यानं जात नाही, ते सदऱ्यालाही लागतं आणि अंगठ्यालाही राहतं. पुंडलिकरावांनी लावून पाहिला. प्रेरणानं लावला. कुलपाची काच लालभडक झाली. मग ते मोठ्यानं केकाटायला लागलं आणि अनोळखी माणसं दारात आहेत असं सगळ्या आळीला सांगू लागलं. आळीतली कुत्री त्याच्या सुरात सूर मिसळून भुंकली.

"आपल्याच घरात आपन अनोळखी," पुंडलिकराव म्हणाले. "आरे, आकडे दाबून उघडते नं हे? मले पाठ हाय तो नंबर."

स्वप्निल जरा चाचरला. काल रात्रीच त्यानं कुलपाचं नवं अपडेट टाकलं होतं. त्यात जुना नंबर जातो. नवा टाकायचा राहून गेला.

"चांगलं चालनाऱ्या वस्तूले काऊन हात लावता रे तुमी?"

"बाबा, सुरक्षेसाठी असतं ते."

"झाली नं सुरक्षा. महालक्ष्मी बी आत जाऊ शकत नाई."

मागचं दार आतून अडसर घालून बंद होतं, तेही स्वप्निलच्याच सांगण्यावरून. खिडक्यांना गज. दार मोबाइलवरून उघडता येतं, पण स्वप्निलचा मोबाइल आत दिवाणावर चार्जिंगला लावलेला. प्रेरणाच्या मोबाइलवरून प्रयत्न केला, तर कंपनीनं ओळख पटवायला सहा आकडे पाठवले. पाठवले स्वप्निलच्या मोबाइलवर. आतून 'टिंग' ऐकू आलं. पुन्हा मागवले. पुन्हा आतून 'टिंग'. खिडकीतून मोबाइल दिसत होता, उजळत होता, विझत होता, आणि आकडे छताला दाखवत होता.

पुंडलिकरावांनी शेवग्याच्या शेंगा तोडायची आकडी आणली. गजांमधून ती आत घालून ते मोबाइल खिडकीकडं ओढू लागले. आकडी दिवाणाला पोचली, मोबाइलला लागली, आणि मोबाइल सरकत सरकत कडेला आला नि दिवाणाखाली पडला. तिथूनही त्यानं 'टिंग' केलं.

प्रेरणानं कंपनीला फोन लावला. तिकडं एक बाई गोड बोलत होती. आधी भाषा निवडा म्हणाली, मग वस्तू निवडा, मग तक्रार निवडा. तुमचा फोन आमच्यासाठी फार मोलाचा आहे, असं तिनं पुनःपुन्हा सांगितलं, आणि मग गाणं लावून दिलं. अखेर एक खरा माणूस आला. त्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि उपाय सांगितला, की दाराच्या आतल्या बाजूला लाल बटण आहे, ते दाबावं.

"आतल्या बाजूनं," स्वप्निल म्हणाला. "आत कसं जाऊ बापा मी? आत जाता आलं असतं तं तुले फोन काऊन केला असता?" पुण्याची भाषा त्याच्या तोंडून केव्हाच गळून पडली होती.

अनुसयाबाई ताट घेऊन तशाच उभ्या होत्या. त्यांना त्या उन्हाळ्यातली दुपार आठवत होती. कुलपाकडं पाहून त्यांनी एकदा भिंतीपलीकडं नजर टाकली आणि लगेच वळवली.

सेवाग्रामच्या बाजूनं आभाळ भरून आलं होतं. पहिला थेंब ज्येष्ठेच्या नाकावर पडला. तानाबाईंनी पटकन पदर ओढून मुखवटा झाकला.

"अनुसया," त्या म्हणाल्या, "या घरात आलेली महालक्ष्मी कधी दारात उभी राह्यली नाई. आनं या पान्यानं रंग गेला तं तो कुंभार आता वरून येनार नाई."

कनिष्ठेच्या कुंकवाचा बारीकसा ओघळ गालावर उतरला. अनुसयाबाईंनी तो पाहिला. त्यांनी ताट प्रेरणाच्या हातात दिलं, तिच्या पदरानं ते झाकलं, आणि त्या भिंतीपाशी गेल्या.

पलीकडं आनंदाबाई ओसरीत अंबाडीची भाजी निवडत बसल्या होत्या. पाठ या बाजूला होती, पण भाजी फार वेळापासून तेवढीच होती.

"आनंदा."

पलीकडं अंबाडीचा एक देठ मोडला.

"आनंदा, तुह्या अंगठ्याचं काम हाय वं."

"माह्या अंगठ्याचं?" आनंदाबाई न वळता म्हणाल्या. "तुमच्या घरी तं बेल हाय म्हन्तात."

"बेल हाय. पन आत आयकाले कोनी नाई."

"मंग नोंद राह्यली असंन तुमची. बसा तिले घेऊन."

अनुसयाबाई भिंतीवर जराशा वाकल्या. "मी त्या दिवशी गप्प राह्यली," त्या म्हणाल्या. "त्याचा राग माह्यावर काढजो, सावकाश काढजो. पन त्या दोघी दारात भिजून राह्यल्या. त्यायनं तुले काय केलं?"

आनंदाबाई उठल्या. हात धुतले, पदराला दोनदा पुसले, आणि फाटकातून वळसा घालून आल्या. सगळ्यांच्या तोंडाकडं एकदा पाहून घेतलं. कुलपाची काच पदरानं पुसली.

"काकू, तुमची त्यात नोंदच नाही," स्वप्निल म्हणाला. "आता चुकीचा अंगठा लागला, तर अर्धा तास..."

आनंदाबाईंनी अंगठा टेकवला.

"स्वागत है, आई," कुलूप म्हणालं, आणि दार उघडलं.

स्वप्निल आईकडं बघतच राहिला. अनुसयाबाई दाराकडं बघत होत्या. "माहा अंगठा लागे नाई," त्या म्हणाल्या. "तो मानूस म्हने, कोनाचाबी लावा पन एक लावा, मले सेवाग्रामले जाचं हाय. ही बाजूले उभी होती. हिचा लावला."

"पन आई, मले सांगाचं तं..."

"तू गच्चीवर फोनवर होता. आनं खाली आल्यावर तुले हिरवी खूण दिसली, तू खूश झाला. किल्ली आधीबी हिच्याचपाशी राहे. आताबी हाय."

आनंदाबाई तोवर आत गेल्या होत्या. सगळे त्यांच्या मागं निघाले, तोच त्यांनी आतून दार लोटलं.

टिक.

पाऊस जरा वाढला. आतून शांत आवाज आला, "बेल वाजवून येत जा."

तानाबाईंनी पदराआडून स्वप्निलकडं पाहिलं. पुंडलिकराव आकडी खांद्याला टेकवून आभाळाकडं पाहू लागले. स्वप्निलनं लाल बोट पुढं केलं आणि बेल दाबली. बेलही नवीनच होती. ती दिवाणाखालच्या मोबाइलमध्ये वाजली.

"कोन आलं?" आतून विचारणा झाली. विचारायचा मान घरच्या कर्त्याचा, पण कर्ता आकडी घेऊन बाहेर भिजत होता.

"महालक्ष्मी आली," तानाबाई म्हणाल्या.

"कोनत्या पावलानं आली?"

"सोन्याच्या पावलानं आली."

"आनं तिच्यामागं कोन हाय?"

हे काही रीतीत नव्हतं. अनुसयाबाईंनी मुलाकडं पाहिलं, सुनेकडं पाहिलं, नवऱ्याच्या खांद्यावरच्या आकडीकडं पाहिलं. "तिच्यामागं सारे येडे-बह्याड हायेत," त्या म्हणाल्या. "उघड आता."

दार उघडलं. ज्येष्ठा आली, कनिष्ठा आली, आसनावर बसल्या. कनिष्ठेच्या गालावरचा ओघळ अनुसयाबाईंनी कापसानं हलकेच टिपला. जरासा रंग गेला, पण डोळे शाबूत होते. बाहेर अजून दिवस होता.

आरती झाल्यावर स्वप्निलनं दिवाणाखालून मोबाइल काढला. त्यावर ओळीनं आकडे आले होते आणि सगळ्यांत शेवटी निरोप होता, आई घरी आल्या. तो आईजवळ येऊन हळूच म्हणाला, की काकूंचा अंगठा त्यातून काढून तुझा पुन्हा एकदा लावून पाहू का.

"हात तं लावून पाह्य," अनुसयाबाई म्हणाल्या.

त्यांनी कुंकवाचं ताट उचललं आणि आनंदाबाईंना दाराबाहेर भिंतीपाशी नेलं. भिंतीवरच्या ठशांमध्ये मोकळी जागा होती. दरवर्षीची जागा, कोणी मुद्दाम सोडली नव्हती, पण राहिली होती. पुंडलिकराव नि स्वप्निल बाहेर अंगणात आकडी ठेवायला गेले होते, आणि प्रेरणा तानाबाईंना शेजारी घेऊन पायरीवरून फोटो काढत होती.

"बुडव हात," अनुसयाबाई म्हणाल्या.

आनंदाबाईंनी हात पुढं केला. ताटाजवळ नेला आणि तिथंच थांबवला. आधी बाहेर आलेल्या सगळ्यांकडं पाहिलं, मग उघड्या दाराकडं, मग आपल्या स्वच्छ अंगठ्याकडं.

"थांब वं," त्या म्हणाल्या. "पयले तो वरवंटा आन."