सुपाजी कंपाउंडर आणि धोतऱ्याची पानं

प्रिय माधवी आणि आनंद,

माधवीचं पत्र पोचलं. तिथल्या डॉक्टरांनी डोळे तपासायला थेंब घातले, बाहुल्या भल्यामोठ्या झाल्या आणि संध्याकाळपर्यंत पुस्तकातलं अक्षर दिसेना, असं तिने लिहिलंय. असलं औषध शोधलं तरी कोणी, असंही विचारलंय. ते मला ठाऊक नाही. पण त्या औषधाला घाबरणारा आणि तरी त्याच्यावाचून ज्याचं चालत नव्हतं असा एक माणूस मी पाहिलाय. त्याला ओळखणारी आता मी एकटीच उरले आहे, म्हणून लिहून ठेवते.

सुपाजी माझ्या सासरच्या गावी, अनसिंगच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. थेंब मोजताना कोणी बोललं, की मोजलेलं सगळं औषध ते पायरीवर ओतून देत आणि पहिल्यापासून सुरू करत. एकदा पाटलांच्या पोटात कळ उठली. त्यावर तेव्हा बेलाडोनाचे थेंब देत. पाटील म्हणाले, जरा हात उचला. पाच थेंब पायरीवर गेले. पाटलांनी शिवी दिली. सात थेंब गेले. तिसऱ्या खेपेला पाटील उपरण्याचा बोळा दातांत धरून गप्प बसले, तेव्हा कुठे औषध मिळालं. सुपाजींचं म्हणणं एकच, "थेंब म्हंजे थेंब. पाटलाचा आन गड्याचा येकच."

माधवी, बेलाडोना, तुझ्या डोळ्यांतले थेंब आणि आमच्याकडे उकिरड्यावर उगवणारा धोतरा ही सगळी एकाच कुळातली. मापात असेल तर औषध, मापाबाहेर विष. तोंड कोरडं पडतं, बाहुल्या फाकतात, माणूस बरळायला लागतो. म्हणून सुपाजी खुरपं घेऊन गावभर धोतरा उपटत हिंडायचे. रस्त्यात लहान मूल दिसलं की त्याचं तोंड उन्हाकडे वळवून बाहुल्या बघायचे. मुलं त्यांना पाहून पळायची. महादेवाच्या गुरवाने एकदा त्यांना अडवलं, की शिवरात्रीला धोतऱ्याचं फळ लागतं आणि तुम्ही देवाचंच झाड तोडता. सुपाजी म्हणाले, "देवाले पचते. पोराईले नाही पचत."

आणि या माणसाच्या घरामागे, बाभळीच्या काट्यांच्या कुंपणात, धोतऱ्याचा अख्खा वाफा होता. गाव हसायचं. साऱ्या गावाचा धोतरा उपटला आन घरी त्याचा मळा लावला, म्हणायचं. वाफ्याचं कारण मात्र सगळ्यांना माहीत होतं. त्यांच्या बायकोला, रुखमाबाईंना, दमा होता. दुसऱ्या महायुद्धामुळे विलायती औषधं मिळेनाशी झाली होती. सुपाजी पानं सावलीत वाळवत, दवाखान्याच्या तराजूवर तोलून पुड्या बांधत. धाप लागली की एक पुडी निखाऱ्यावर टाकायची आणि धूर ओढायचा. छाती मोकळी व्हायची. दमा जात नसे, तेवढी वेळ निभायची.

मी तेव्हा नवी सून होते. इंग्रजी शिकलेली म्हणून माझा जरा बोलबाला होता. दोन-तीन महिन्यांतून एखाद्या सकाळी सुपाजींचा निरोप यायचा, सूनबाईले म्हना दोन लेबलं वाचून दे. सासूबाई नाक मुरडत, सासरे पाठवत. मी ऐटीत बाटल्या वाचून दाखवी. त्यांना इंग्रजी येत नाही अशी माझी समजूत होती. पुढे एका दिवशी त्यांनीच माझा एक उच्चार सुधारला, तेव्हा मी चक्रावले.

अशाच एका सकाळी ते सारखं पाणी पीत होते. जीभ टाळूला चिकटत होती. दाराकडे पाठ करून बसले होते. मी म्हटलं, "काकाजी, तोंड उजेडाकडे करा." त्यांनी केलं नाही. मीच समोर गेले. बाहुल्या एवढ्या मोठ्या, की डोळे नुसते काळे.

मग त्यांनी सांगितलं. पान पावसाळ्यातलं निराळं, उन्हाळ्यातलं निराळं. "बाटलीवर लिवलं असते किती कडक हाय. पानावर कोन लिवते?" म्हणून नवी पानं वाळली की बायकोला द्यायच्या आधी, तिच्या दुप्पट धूर ते स्वतः ओढून बघत. वर्षानुवर्षं. त्यानंतर दिवसभर जवळचं अक्षर दिसत नसे, म्हणून मला बोलावणं. डॉक्टरांनी बजावलं होतं, असंच चाललं तर डोळे जातील. त्यांनी माझ्याकडून वचन घेतलं, "तिले सांगू नका. समजलं तं ते धूर घेनार नाही, आन धुराबिगर ते वाचनार नाही."

मी सांगितलं नाही. गरजच नव्हती. आठवड्याभरात नदीवर धुण्याच्या दगडापाशी रुखमाबाईच म्हणाल्या, "परवा वाचाले बलावलं होतं ना? बुढ्यानं चाखलं असन." त्यांना पहिल्यापासून माहीत होतं. आंधळ्यासारखा ताटात हातानं चाचपतो, म्हणे, बायकोले समजत नाही का? आणि मग जे सांगितलं ते मी जन्मभर विसरले नाही. लहानसहान धाप त्या अंगावरच काढत. पुडी जाळली असं सांगत आणि पेटीत ठेवून देत. पुड्या पुरल्या म्हणजे नवी पानं उशिरा तोडली जातील, बुढ्याला कमी वेळा चाखावं लागेल. "त्याले सांगू नका," त्याही म्हणाल्या.

दोघांचीही गुपितं मी पाळली. ते बरोबर केलं की नाही, मला अजून ठरवता आलेलं नाही.

रुखमाबाई आधी गेल्या. तेराव्यानंतर सुपाजी पेटी घेऊन आमच्या ओसरीवर आले. लुगड्यांखाली पुड्याच पुड्या होत्या. "सूनबाई, हे काहून?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं. ते बराच वेळ एकेक पुडी उचलून खाली ठेवत राहिले.

"मले वाटे, माह्या पुड्याईनं तिले आराम पडून राह्यला," ते म्हणाले, आणि उठले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तो वाफा मुळासकट उपटून जाळला. पुड्याही जाळायला निघाले होते. त्यातली एक मी मागून घेतली. आता दवाखाना नाही, त्यांचं घर नाही. ती पुडी माझ्या पेटीत आहे. आतल्या पानाचा भुगा झालाय. वर त्यांनी पेन्सिलीने लिहिलेलं "पाह्यलं. चालते." अजून दिसतं.

तुमची,
आजी