गोऱ्या पिल्लांना पहिलं बक्षीस

गिरीज गावच्या वॉल्टर यांच्याकडे डुकरिणीला पाच पिल्लं झाली आणि त्याच आठवड्यात 'स्वच्छ वाडी स्पर्धा' जाहीर झाली. या दोन घटनांचा परस्परसंबंध नव्हता. तो समितीने जोडला.

अट क्रमांक चार : पशुनिवासात माती आढळू नये. वॉल्टरने तातडीने पांढऱ्या फरश्या बसवल्या. तीन आठवड्यांत पिल्लंही फरशीच्या रंगाची झाली.

समितीच्या अध्यक्षा जयवंतीबाई माणिकपूरहून पाहणीला आल्या, तेव्हा पिल्लं भिंतीला टेकून धापा टाकत होती.

"किती शांत! आणि काय गोरी हो! लावता काय?"

"काय नाय, मॅडम," वॉल्टर लाजला.

नोंद झाली : 'पिल्ले शिस्तप्रिय, वर्ण उजळ.' फोटोही निघाला.

वॉल्टरची बायको इझाबेल मात्र सगळ्यात धाकट्याला टॉवेलात गुंडाळून गुरांच्या डॉक्टर संपदा यांच्याकडे गेली. डॉक्टरांनी त्याची पापणी ओढून पाहिली.

"अंगात रक्तच नाही. आईच्या दुधातलं लोह पुरत नाही. थोडं माती उकरून मिळायचं, ती तुम्ही काढलीत. पाचही जणांना घरी येऊन इंजेक्शन देते. पण उकरायला माती हवीच. नाहीतर हा धाकटा आठवडाही काढणार नाही."

"निकाल रविवारी हाय," घरी वॉल्टर म्हणाला. "माती सोमवारी टाकू."

"सोमवारी तू खा माती," इझाबेल म्हणाली आणि टोपली घेऊन निघाली.

अख्खी वाडी स्पर्धेत होती. केळींच्या बुंध्यापर्यंत पेव्हर ब्लॉक पोचले होते. मूठभर माती मिळेना.

रविवारी पहिलं बक्षीस मिळालं : प्रमाणपत्र आणि तुळशीएवढं रोप लावलेली कुंडी. इझाबेलने कुंडी थेट फरशीवर उपडी केली. धाकट्याने नाक खुपसलं ते संध्याकाळीच काढलं.

महिन्याभरात पाचही पिल्लं गुलाबी झाली आणि फेरपाहणीला आलेल्या जयवंतीबाईंच्या चपलेमागे धावली. याही वेळी फोटो निघाला. समितीचं पत्र आलं : 'वर्णात संशयास्पद बदल. बक्षीस परत करावे, कुंडी मातीसह.'

वॉल्टरने अपील केलं. समिती लोकशाहीवादी असल्याने तिने दोन्ही फोटो इंटरनेटवर टाकून जनतेचा कौल घेतला. गोऱ्या पिल्लांना अकरा हजार बदाम पडले, गुलाबी पिल्लांना तीन. त्यातला एक वॉल्टरचा होता, चुकून दाबलेला.

अकरा हजारांत तुम्हीही होतात. फोटोखाली तुम्हीच विचारलं होतंत, 'कोणता साबण?'

इझाबेल उत्तर द्यायला तयार आहे. ती म्हणते, आधी तुमची पापणी जरा ओढून दाखवा.