तळ दाखवणारं मशीन

उभ्या जन्मात मासा तोंडात न घातलेल्या माणसानं मासे शोधायचं मशीन घ्यायचं ठरवलं, तर ताप कोणाच्या डोक्याला? माझ्या. कारण मेडशीत बी-खताचं दुकान माझं, दुकानात बसून मोबाईलवर मागवामागव मी करतो, आणि गुणवंता माझा शाळेपासूनचा दोस्त.

धरणाच्या काठाला गुणवंताची वांगी-मेथीची वाडी आहे. गेल्या हिवाळ्यात कुठल्याशा बंद पडलेल्या बोट क्लबातून त्यानं दोघांना बसता येईल अशी प्लास्टिकची कयाक उचलली आणि मेथीच्या ऑटोवर आडवी बांधून भर बाजाराच्या दिवशी रिसोडातून मिरवत आणली. लोक विचारत, हे काय? हा सांगे, "डोंगा हाय. शयरातला हाय, म्हणून पिवळा हाय."

आठ दिवसांनी दुकानात येऊन बसला. म्हणाला, "बापू, त्या डोंग्याले मासे पाह्याचं मशीन लावा लागते."

"काहून बे? तू तं मासा पाहूनच नाक दाबते."

"मले मासा नाई पाह्यजे. मले तळ पाह्यजे."

तळ हा त्याचा लाडका शब्द. गिऱ्हाईक घासाघीस करू लागलं, की "तळ सांग." जावयानं फोनवर लांबण लावली, की "तळ सांगा, जवाईबापू." दवाखान्यात डॉक्टर रिपोर्ट समजावून सांगत होते, तर हा त्यांनाही तेच म्हणाला. डॉक्टर बिचारे त्याच्या बायकोकडे, शोभावहिनींकडे बघत राहिले.

यावेळचा तळ मात्र कोणता, ते मला न सांगता कळलं. गुणवंताचं जुनं गाव या धरणाखाली आहे. गाव उठलं तेव्हा आम्ही पोरं होतो. माणसांनी आपापली घरं आपल्याच हातानं उकलली. दारं, चौकटी, सरे, टिनं, जोत्याचे नि पायरीचे दगडसुद्धा बैलगाड्यांत घालून नव्या गावठाणात नेले. फक्त गुणवंताच्या बापानं नाही. "राह्यत्या घराले मी सब्बल लावत नाई," म्हणाला, आणि पहारेला हात न लावता भांडीकुंडी घेऊन निघून आला. नव्या गावात सगळ्यांना सागाची दारं, यांच्या दाराला पोतं. लोक त्याला येडा म्हणत. म्हातारा मरेपर्यंत म्हणत राहिले, आणि गुणवंता ऐकत राहिला.

त्या घराच्या ओट्यावर मी पुष्कळ जेवलो आहे. ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी, वरून कच्चं तेल. काकू, म्हणजे गुणवंताची आई, वाढताना विचारत नसे, वाढतच राही. उन्हाळ्यात पाणी उतरतं तेव्हा आमराईची खोडं उघडी पडतात, पण जुनं गावठाण खोलात, ते कधी दिसलं नाही. गुणवंताची पोरं म्हणत, "बाबा, मातीचं घर होतं, कवाच इरघळलं असन." तेवढंच त्याला पाहायचं होतं, घर आहे की गेलं.

तर मशीन. मी मोबाईलवर दाखवत होतो, हा पडदा मोठा, याला नकाशा येतो, याच्यात रंग जास्त. तो वांगी निवडल्यासारखा एकेक बाजूला सारी. पहिलं मशीन आलं तेव्हा त्यानं अंगणात बादलीभर पाणी ठेवलं आणि तिच्यात त्याची तार सोडली. पडद्यावर तीन मासे पळाले.

"हे लबाड हाय बापू. वापस कर."

"अरे, बादलीत कोणतंही मशीन चुकते."

"बादलीत खोटं बोलते ते धरणात खरं बोलन काय?"

ते परत गेलं. दुसऱ्याची परीक्षा विहिरीत झाली. त्यासाठी त्यानं घरातला पाटा विहिरीत सोडला. मशीननं तळाशी पाट्याएवढा उंचवटा दाखवला आणि पास झालं. इकडे शोभावहिनी चटणी वाटायला पाटा शोधत घरभर फिरत होत्या. पुढं काय झालं ते लिहीत नाही. दोन दिवस गुणवंता माझ्याकडे जेवला.

फवारणी पंपाची बॅटरी मशीनला जोडून एका सकाळी आम्ही निघालो. पुढं तो, मागं मी. माझा गळ मी सोबत घेतला होता. कोणी तरी मासे धरायला नको? टेकडीवरचं देऊळ आणि आमराईची खोडं यांचा अंदाज धरून तो वल्हवत होता. "इथं मारोतीचा पार. इथून डावीकडं आपली गल्ली."

पडद्यावर मात्र सपाट रेघ. गाळ, नुसता गाळ. आम्ही गेलो, वळलो, परत आलो. रेघ हलेना. गुणवंताची मान खाली जाऊ लागली. मी म्हणालो, "चाल बे, ऊन वाढून राह्यलं." तो वल्हवतच राहिला. मलाही रडू यायला लागलं होतं, खोटं कशाला बोलू.

मग रेघ उठली. एकदम सरळ वर, मग थोडं आडवं, मग सरळ खाली. गाळाला असे कोपरे नसतात. भिंती गेल्या होत्या, पण काळ्या दगडाचं जोतं उभं होतं. अख्ख्या गल्लीत एकटं. आणि त्याच्यावर मासे, लहान-मोठे, ही गर्दी.

माझा हात सवयीनं गळाकडे गेला. गुणवंतानं मागं वळून माझं मनगट धरलं. त्याचे डोळे गळत होते आणि ते पुसायचं त्याला भान नव्हतं.

"नको बापू. घरातले हायत ते."

मी गळ गुंडाळून ठेवला. तो पुन्हा पडद्याकडे वळला. मग बापाची बाजू कोणाला तरी समजावून सांगावी तसं हळू म्हणाला, "बाबानं सब्बल लावली असती, तं यायनं कुठं राह्यलं असतं?"