बाबांच्या खुर्चीवरचे तीळ

बाबांच्या खुर्चीवर पाच-सहा तीळ सांडले होते आणि त्यातला एक चालत होता.

मुळात घरात तीळ आणलेच नव्हते. बाबांनी डोळ्याला भिंग लावलं. पन्नास वर्षं घड्याळं दुरुस्त केलेला माणूस तो, केसाएवढी स्प्रिंग फरशीवरून शोधून काढणारा. भिंगात तो पांढरट दाणा आखडला, लांबला आणि गादीच्या शिवणीकडे सरकला. भर दुपारी बाबांच्या अंगावर सर्रकन काटा आला. खिडकीतून मांजर, म्हणजे घरच्यांच्या भाषेत बाईसाहेब, पापणी न लववता त्यांच्याकडे बघत होती.

तासाभराने सून चहा घेऊन आली, तेव्हा दाणे वाळून निपचित पडले होते.

"बाबा, हे तीळ कुठून आले हो?" म्हणत तिने ते झटकून टाकले.

बाबांनी भिंग हळूच खिशात सरकवलं. त्यांच्या थोरल्या भावाला शेवटी शेवटी भिंतीवर मुंग्या दिसायच्या. नसलेल्या. त्यात मागच्याच महिन्यात बाबांनी एका गिऱ्हाइकाच्या घड्याळात तासकाटा आणि मिनिटकाटा उलटसुलट बसवले होते. तेव्हा मुलाने बजावलं होतं, "आणखी एकदा असं काही झालं ना, तर घड्याळांचं टेबल बंद. मग नुसता आराम." त्या खिडकीजवळच्या टेबलाशिवाय दिवस कसा काढायचा, या विचारानेच बाबांना धाप लागायची.

दुसऱ्या दिवशी दाणे पुन्हा आले. तिसऱ्या दिवशी बाबांनी एक चिमट्याने उचलून काचेच्या डबीत कोंडला. संध्याकाळी मुलाला पुरावा दाखवला.

"हा चालत होता."

"काय चालत होतं?"

"तीळ."

मुलाने डबी हलवली. तीळ मेल्यासारखा पडून राहिला. मुलगा आणि सून एकमेकांकडे बघत आत गेले, आणि दाराआडून बाबांनी स्पष्ट ऐकलं, "मोठ्या काकांचंही असंच सुरू झालं होतं." रविवारी सकाळी मुलाने चिमटे, पेचकस, भिंगं एका फडक्यात गुंडाळायला घेतली. बाबा नुसते बघत राहिले.

तेवढ्यात जनावरांचे डॉक्टर आले, बाईसाहेबांना वर्षाचं इंजेक्शन द्यायला. बॅग ठेवून ते बाबांच्या खुर्चीत टेकणार, तोच बाबा ओरडले, "बसू नका!"

डॉक्टर अर्धवट वाकलेल्या अवस्थेतच थिजले. मग त्यांनी मागे वळून गादीकडे पाहिलं.

"अरेच्चा! हा चालतोय की."

बाबांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "तुम्हालाही दिसतोय?"

"दिसणारच. पट्टकृमीचा तुकडा आहे. मांजराच्या पोटात जंत असले की असे तुकडे मागच्या बाजूने बाहेर पडतात, थोडे सरपटतात आणि वाळले की तिळासारखे दिसतात. अंग चाटताना पिसू पोटात गेली की होतं हे. जंताची गोळी कधी दिली होती?"

"दर तीन महिन्यांनी देतो," सून म्हणाली. "कॅलेंडरवर खुणा आहेत. बाबाच देतात."

"गोळी पोटात गेली असती, तर असे तुकडे निघाले नसते."

मुलाने बाबांच्या खांद्यावर हात ठेवला. "असू दे बाबा. विसरला असाल. वयाप्रमाणे होतं."

त्याचा दुसरा हात फडक्याला गाठ मारत होता.

"मुळीच विसरलो नाही!" बाबा ताडकन उठले. "मुद्दाम दिली नाही! खोट्या खुणा केल्या मी!" त्यांनी सुट्या भागांचा पत्र्याचा डबा उघडला. एका कप्प्यात चार गोळ्या, प्रत्येकीखाली बारीक अक्षरात तारीख. "बघ! भ्रमिष्ट माणूस तारखा लिहून ठेवतो का? तिचा जबडा उघडायला गेलं की अशी बघते माझ्याकडे... माझा हातच होत नाही. लबाड म्हण मला, पण वेडा म्हणू नकोस."

इतक्या अभिमानाने गुन्हा कबूल केलेला माणूस डॉक्टरांनी पाहिला नव्हता. त्यांनी बाईसाहेबांना टॉवेलमध्ये घट्ट गुंडाळलं, जबडा उघडून नवी गोळी जिभेच्या मागे टाकली आणि गळ्यावरून बोट फिरवलं. गटकन! काम फत्ते. मग मानेवर पिसवांचं औषध सोडून, गादीची खोळ गरम पाण्यात धुवायला सांगितली. मुलाने खजील होऊन फडकं सोडलं आणि चिमटे एकेक करून टेबलावर मांडले. बाबांनी रुबाबात भिंग डोळ्याला लावलं.

सून मात्र अजून डब्यातच बघत होती.

"बाबा, शेजारच्या कप्प्यातल्या या गुलाबी गोळ्या कसल्या? यांच्याखालीही तारखा आहेत."

बाबांचं भिंग डोळ्यावरून खाली पडलं.

"या तुमच्या रक्तदाबाच्या ना? कॅलेंडरवर तर रोजची खूण आहे."

बाईसाहेब खिडकीत जाऊन बसल्या आणि पापणी न लववता बाबांकडे बघू लागल्या. टॉवेल अजून डॉक्टरांच्या हातातच होता.