शमीमआपांचा आखूड स्वेटर

शमीमआपा भर बाजारात बायकांचे स्वेटर उतरवायच्या. ऐकायला वाईट वाटतं, पण चामोर्शीत कोणी वाईट वाटून घेत नसे. आठवडी बाजारात समोरून एखादी बाई चांगली साडी नेसून, वर गळ्यापर्यंत बटणं लावलेला स्वेटर चढवून आली, की आपा हातातली वांगी परत टोपलीत टाकत आणि तिची वाट अडवत.

"काऊन वो बाई, साडी नेसून राह्यल्या का लपवून राह्यल्या?"

"थंडी हाये ना आपा!"

"थंडीचं काम आत, थाटाचं काम बाहेर! काढा तो."

आणि ती बाई खरंच काढायची. मग आपा तो स्वेटर तिला पदराखालून घालायला लावत, पदर वरून ऐसपैस पसरत आणि तोंडातली सेफ्टीपिन खांद्यावर टोचून देत. तोंडात पिन कायम असल्यामुळे त्या दातांतून बोलत, आणि मला सुरुवातीला त्या सदा रागावलेल्याच वाटत.

तसं मला तेव्हा सगळेच रागावलेले वाटत. मी वेंगुर्ल्याकडची. सातवीनंतर शाळा सुटली, एकोणिसाव्या वर्षी लग्न झालं आणि नवऱ्याला लाकूड डेपोवर चौकीदारी मिळाली म्हणून थेट गडचिरोली जिल्ह्यात, चामोर्शीला येऊन पडले. आमच्याकडे थंडी म्हणजे पहाटे अंगावर एक चादर जास्त. इथली थंडी बघून मला वाटलं, हा काहीतरी आजार आहे आणि तो मला एकटीलाच झालाय. आमच्या घरमालकीण गोदाबाई मला त्यांच्या नात्यातल्या एका लग्नाला घेऊन गेल्या, तर मी शालूवर नवऱ्याचा खाकी स्वेटर घालून गेले. मांडवात एकीनं विचारलं, "बंदोबस्ताले आल्या का?"

शेजारच्या छपरीत शिलाई मशीन चालवणाऱ्या शमीमआपांच्या कानावर हे गेलं आणि त्यांनी मला ताब्यात घेतलं.

आपांचे उपाय साधे. नवीन काही विकत घ्यायला लावत नसत. नवऱ्याचा जुना, लांब बाह्यांचा गरम बनियन ब्लाऊजच्या आत घालायचा. परकर फ्लॅनेलचा शिवायचा. शाल अंगाभोवती गुंडाळायची नाही, तिची लांब घडी करून एका खांद्यावरून सोडायची, म्हणजे साडीला दुसरा पदर आल्यासारखा दिसतो. हिरव्या साडीवर हिरवी शाल दिसली की म्हणायच्या, "भाजीत भाजी काऊन घालता?" एकदा एका नवरदेवाचे वडील माकडटोपी घालूनच फोटोला उभे राहिले. आपांनी ती टोपी ओढून काढली आणि फेटा असा बांधून दिला, की त्याची घडी दोन्ही कानांवरून गेली. म्हातारबुवांना मंगलाष्टकं ऐकू आली नाहीत, पण फोटो झकास आला. मार्कंड्याच्या जत्रेत लोक देवदर्शनाला जात, आपा बांगड्यांच्या दुकानाशी उभ्या राहून येणाऱ्या-जाणाऱ्यांचे पदर बघत.

एवढं सगळं जगाला सांगणाऱ्या आपा स्वतः काय घालत? एक मरून रंगाचा स्वेटर, तोही सगळ्यात वरून. बाह्या कोपराच्या थोड्याच खाली संपलेल्या, पुढची बटणं काजापासून चार बोटं लांब. गोदाबाई सोडत नसत. "आपा, लोकाईले अक्कल सांगता, आन् तुमचा स्वेटर का मांजरानं आणला?"

"आटला," आपा म्हणत. "लोकर हाये. आटते." आणि मशीन जोरात चालवत.

जानेवारी आला. माझी पहिली संक्रांत. आमच्याकडे नव्या नवरीला काळी साडी नेसवून, हलव्याचे दागिने घालून हळदीकुंकू करतात. पण सासर तिकडे, माहेर तिकडे. एसटीडी बूथवरून आईशी बोलले तर ती म्हणाली, "बाबांचो गुडघो धरलो गो, एवढ्या लांब येवक जमाचा नाय." मी बूथमध्येच रडले. गोदाबाईंना कळलं तशा त्या म्हणाल्या, "आमी का मेलो का? मी करतो तुही संक्रांत!"

गल्लीतल्या सगळ्या बायका मला बघायला येणार होत्या. मला धास्ती एकाच गोष्टीची होती: कोणी म्हणू नये, हिच्या पाठीमागे माहेर नाही वाटतं.

आपांनी काळा ब्लाऊज शिवून दिला, आतून फ्लॅनेल लावून. माझं भित्रं डोकं! म्हटलं, नवं काळं कापड, रंग गेला तर पांढऱ्याशुभ्र हलव्याचे दागिने खराब होतील. म्हणून संक्रांतीच्या सकाळी कोणाला न विचारता मी तो धुवून टाकला. नेमकं त्या दिवशी धुकं असं, की सूर्य उगवला की नाही तेही कळेना. दुपार झाली तरी ब्लाऊज ओलाच. शेवटी शेगडीवर धरला. एक बाही आधी तपकिरी झाली, मग तिला भोक पडलं.

तसाच ब्लाऊज घेऊन मी छपरीत धावले. आपांनी तोंडातली पिन काढली.

"रडून काऊन राह्यली? ब्लाऊज जळला, तू त नाई जळली ना?"

मग त्यांनी मला मानेपासून कमरेपर्यंत नजरेनं मोजलं. मग अंगातला स्वेटर काढून माझ्या हातात दिला.

"घाल. वरून नाई, ब्लाऊजच्या जागी."

तो मला असा बसला, जणू मापाचाच घेतलाय. मनगटापर्यंत बाह्या, सगळी बटणं लागली. आपांनी खालचा भाग परकरात खोचला, वरून काळी साडी नेसवली, आणि मरून लोकरीवर हलव्याचा हार असा उठून दिसला, की गोदाबाईंनी स्वतः माझी दृष्ट काढली.

संध्याकाळी अंगण भरलं. हा आपांचाच आखूड स्वेटर, हे कोणी ओळखलं नाही; सगळ्या ब्लाऊज समजून त्यालाच हात लावून बघत होत्या. एका बाईनं विचारलं, "माहेराहून आला का वो?"

मी पदर सारखा करायला लागले. तेवढ्यात दाराशी शाल घेऊन उभ्या असलेल्या आपा दातांतून म्हणाल्या, "हो. माहेरचाच हाये तो."

सगळ्या गेल्यावर मी तो परत द्यायला गेले. आपांनी घडीवरून हात फिरवला. "बटनं लागले ना सगळे? माह्या रुखसानाले बी असेच लागत. सिरोंच्याच्या पल्याड देल्ली तिले. मधात गोदावरी, नावेनं उतरा लागते. तिकडं गरम होते म्हणून ठेवून गेली."

"आणि तुम्ही तर म्हणत होता, आटला!"

"का सांगू मंग लोकाईले? पोरगी चार वर्सं आली नाई म्हणून तिचा स्वेटर घालून फिरतो म्हणू?" त्यांनी तो माझ्याकडे सरकवला. "राहू दे तुह्यापाशी. मले वरून शाल पुरते."

पुढच्या बाजाराला मी तो स्वेटर घालून गेले. साडीच्या वरून. घाईत विसरलेच. पलीकडच्या टोपलीजवळून आपांनी मला पाहिलं, हातातली वांगी टाकली आणि तरातरा आल्या. बायका हसायला लागल्या, आता हिचा उतरतोय म्हणून. मी स्वतःच बटणं काढायला लागले.

आपांनी माझा हात बाजूला केला. वरचं एक बटण लावायचं राहिलं होतं, ते लावलं.

"असू दे," त्या म्हणाल्या. "तुहा बाहेरच असू दे. दिसते मले."