बिरमेलच्या तोफेचा पहिला थर

किनाऱ्याचं शत्रूपासून रक्षण करण्याचे दोन मार्ग आहेत. एक, तोफ डागणे. दोन, तोफेला रंग देणे. पहिल्या मार्गात आवाज, धूर आणि नेम चुकण्याची शक्यता फार. दुसऱ्या मार्गाने राखलेला किनारा मात्र आजवर एकदाही शत्रूच्या हाती गेलेला नाही, आणि पुरावा म्हणून माल्टा बेटावरच्या बिरमेल गावाकडे बोट दाखवता येतं.

बिरमेलच्या चौकात, चर्चच्या पायऱ्यांसमोर, समुद्राकडे तोंड करून एक लांबलचक तोफ ठेवलेली आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्रजांनी ती कुठल्याशा आरमाराच्या धास्तीने बसवली. आरमार आलं नाही. पुढे इंग्रजही गेले. जाताना त्यांनी दुधाचा चहा, रस्त्याच्या डाव्या बाजूने गाडी हाकायची सवय आणि ही तोफ एवढं मागे ठेवलं. (पैकी तोफ केवळ जड होती म्हणून.)

गावात दोन बँड क्लब आहेत. संत निकोलाचा निळा आणि संत रोक्कूचा लाल. प्रत्येकाचा बँड वेगळा, उत्सव वेगळा, फटाक्यांचा कारखाना वेगळा, आणि अलीकडे दातांचा डॉक्टरही वेगळा. गावातल्या मतभेदांपैकी ब्याण्णव टक्के या दोन क्लबांमधले आहेत. उरलेले आठ टक्के त्या त्या क्लबाच्या कार्यकारिणीतले. जूनमध्ये निळ्यांचा उत्सव येतो, तेव्हा ते तोफेला निळा रंग देतात. ऑगस्टमध्ये लालांचा येतो, तेव्हा ते लाल देतात. पूर्वी एकमेकांचा रंग खरवडण्याची पद्धत होती. त्यात एकदा खरवडण्या एकमेकांवरच चालल्या, तेव्हा त्या काळच्या बिशपांनी निवाडा दिला: कोणीही दुसऱ्याचा रंग काढू नये, हवा तर त्यावर आपला लावावा. निवाडा इतका शहाणपणाचा होता की त्याचे परिणाम दिसायला सव्वाशे वर्षं लागली.

रंग फक्त बाहेरून. जे मिरवणुकीतून दिसत नाही त्यावर रंग वाया घालवण्याइतकं बिरमेल उधळं नाही. आतून मात्र दोन्ही क्लब आपापल्या उत्सवाआधी लांब झाडूने तोफ लख्ख झाडून काढतात. दरवर्षी पाटीभर तांबूस धूळ निघते आणि ती समुद्रात टाकली जाते. स्वच्छतेच्या बाबतीत भूमध्य समुद्रावर या तोफेचा हात धरणारी दुसरी तोफ नाही.

या तांबूस धुळीवरूनच मूळ वाद. लालांचं म्हणणं असं की आतून लाल निघतं, त्याअर्थी पहिला थर आमचा. निळ्यांचं म्हणणं असं की ती धूळ लालांनीच रात्री नेऊन टाकलेली असते. पहिला थर ज्याचा, तो क्लब गावात पहिला. आणि जो पहिला नाही त्याने इतकी वर्षं दुसऱ्याच्या तोफेवर रंग सांडला, असा अर्थ निघतो. तो अर्थ कोणालाच परवडणारा नाही.

वाद असाच सुखाने चालला असता. पण राजधानीतल्या पुरावस्तू खात्याने ठरवलं की तोफेवरचे सगळे रंग उतरवून, मूळ रंग कोणता ते शोधून, तोच कायमचा द्यावा. गावाला ते जमत नसेल तर तोफ उचलून वस्तुसंग्रहालयात नेण्यात येईल. तपासणीला पहिल्यांदा आलेले तज्ज्ञ निळा टाय घालून आले होते. ते तपासणी न करताच परत गेले. (टाय अजून लाल क्लबात आहे.) म्हणून काम मार्तीझकडे आलं.

मार्तीझ धातूंच्या झिजेचा अभ्यास करून नुकतीच पदवीधर झालेली. ती निळ्या क्लबाचे अध्यक्ष विस्तिन यांची एकुलती एक मुलगी, आणि लाल क्लबाच्या अध्यक्ष जोवान्नाबाई यांची होणारी सून. म्हणजे निःपक्षपाती नव्हे, पण दोन्हीकडून सारखीच पक्षपाती, आणि मोजमापात एवढंच लागतं. लग्न उत्सवांच्या आधी, याच चर्चमध्ये ठरलेलं. दोन्ही अध्यक्षांनी लग्नाला यायचं एकाच अटीवर कबूल केलं होतं. अट एकच होती: पहिला थर आपला निघावा. फक्त दोघांची वेगळी होती.

"शास्त्र सांगेल ते मला मान्य," विस्तिन जेवताना म्हणाले. "फक्त शास्त्राच्या कानावर घाल, तुझ्या आजोबांनी मला काय सांगितलंय ते."

"बाबा, शास्त्राला कान नसतात."

"मग त्याला आपल्याकडे जेवायला बोलाव. ऐकेल."

जोवान्नाबाईंनी त्याच संध्याकाळी तिला दारात गाठलं. हातात चीज भरलेल्या गरम पास्तित्सींची पिशवी होती. "पोरी, माझा काही दबाव नाही हं तुझ्यावर. तू खा. तुझ्या लग्नातला मॅकरोनीचा टिंपाना मी स्वतः करणार आहे, एवढंच सांगायला आले. आमच्याकडे पन्नास जणांचा करतात आणि एका जणाचाही करतात."

पन्नास जणांचा टिंपाना की एकीचा, हे त्या पहिल्या थरावर अवलंबून होतं. मार्तीझला लग्न हवं होतं. तिला ते दोन्ही घरच्यांच्या समोर हवं होतं, आणि जोवान्नाबाईंच्या रेनाल्डशी हवं होतं. यापैकी फक्त रेनाल्डबद्दल अडचण नव्हती.

तपासणीच्या सकाळी चौकात दोन बाजूंना खुर्च्या मांडल्या गेल्या. मार्तीझने आधी लोहचुंबक लावला. तो खाली पडला. रंग जाड असेल, असं म्हणून तिने मोठा लोहचुंबक लावला. तोही पडला, आणि या वेळी गावचे पाद्री फादर मिकील यांच्या पायावर पडला. दोन्ही क्लबांत पन्नास वर्षं काढलेल्या माणसाला पायाचं काही वाटत नाही.

मग तिने बारीक ड्रिल सुरू केला. तोफेतून रंगाचा भुगा पडू लागला. निळा भुगा पडला की डावीकडून टाळ्या, लाल पडला की उजवीकडून. थर पोस्टकार्डासारखे पातळ, पण एकावर एक असे चापून बसलेले, की टाळ्या वाजवून वाजवून दोन्ही बाजूंचे तळवे एकाच रंगाचे झाले. (निळ्यांचेही लाल.) ड्रिल दोन बोटं आत गेला आणि बाराची घंटा झाली. बिरमेलमध्ये सत्याची ओढ फार आहे, पण ती जेवणानंतर. दोन्हीकडच्या खुर्च्या रिकाम्या झाल्या. चौकात उरले मार्तीझ, रेनाल्ड आणि तोफ. निदान तसा समज होता.

मार्तीझने तळवा खाली धरून ड्रिल पुढे रेटला. चिमूटभर शेवटचा भुगा तळव्यावर पडला, आणि ड्रिलचं टोक पुढे पोकळीत निघालं.

तोफेच्या तोंडाशी बॅटरी धरून बसलेला रेनाल्ड म्हणाला, "टोक दिसतंय मला. आत."

"लोखंड दिसतंय का कुठे?"

"पट्टे दिसतायत. छान आहेत. आमच्या आईच्या केकसारखे."

"रेनाल्ड, लोखंड."

"नाही गं. सगळीकडे पट्टेच." त्याने बॅटरी आत आणखी पुढे नेली. "मग तोफ कुठेय?"

"खारी हवा, आतून गंज. गंज झाडला की खालचं ताजं लोखंड उघडं, त्याला पुन्हा गंज. तुझी आई दरवर्षी धूळ झाडून काढते ना, तीच तोफ."

"आणि तुझे बाबा?"

"तेही."

"आणि पाटी समुद्रात ओततात." रेनाल्डने बॅटरी विझवली. "म्हणजे शेवटी समुद्रावर मारा झालाच म्हणायचा. हप्त्याहप्त्याने."

मार्तीझने तळव्यावरचा भुगा एकदा नीट पाहिला. मग मूठ मिटली, आणि समुद्राकडून वारा आला तेव्हा उघडली.

"काय होता?" रेनाल्डने विचारलं.

"तू कोणाचा मुलगा आहेस?"

"बरं बरं. नाही विचारत."

संध्याकाळी चर्चच्या सभागृहात ती दोन्ही अध्यक्षांसमोर उभी राहिली. मधल्या खुर्चीत फादर मिकील, पाय बादलीत. तिने सगळं सरळ सांगितलं. तोफ नाही. जे आहे तो नुसता रंग आहे. चौकात जे उभं आहे ते एकमेकांवर कुरघोडी करणाऱ्या थरांनी एकमेकांना धरून ठेवलेलं एक नळकांडं आहे. रंग उतरवला तर खाली दगडी चौथरा उरेल.

विस्तिननी चष्मा काढला, पुसला, परत लावला. जोवान्नाबाईंनी छातीवर क्रूसाची खूण केली. इतकी वर्षं जिच्यासाठी भांडलो ती वस्तूच नाही, हे पचवायला माणसाला थोडा अवधी लागतो. बिरमेलमध्ये तो एक घोट चहाएवढा लागला.

"ते ठीक आहे," विस्तिन म्हणाले. "पण पहिला थर कुणाचा?"

"तेच म्हणते मी," जोवान्नाबाई म्हणाल्या. दोन अध्यक्षांचं एकमत झाल्याची गावाच्या स्मरणातली ही पहिलीच वेळ.

"बाबा, कशावरचा पहिला थर? खाली काही नाहीये!"

"म्हणूनच तर. खाली काही नसताना ज्याने पहिला मारला, तो केवढा मोठा!"

"मग तो आमचाच," जोवान्नाबाई म्हणाल्या. "तुमच्यात कुणाला जमलं असतं? तुमच्या बँडला तुतारी धड वाजवता येत नाही."

"जोवान्ना, तुझ्या बँडमध्ये ढोलवाला झोपतो!"

"तालात झोपतो!"

फादरांनी बादलीतून एक पाय काढून जमिनीवर आपटला. पाणी उडालं, शांतता झाली. मार्तीझने पिशवीतून हातोडी काढून टेबलावर ठेवली.

"आता माझं ऐका," ती म्हणाली. "उद्या मी खात्याला कळवणार, की रंग उतरवता येणार नाही, कारण तोफेचा सगळा भार रंगावर आहे. दोघांनीही दरवर्षी रंग द्यायचा. एकाने थांबवलं तर दुसऱ्याचाही पडेल. रविवारी तुम्ही दोघंही माझ्या लग्नाला यायचं, एका बाकावर बसायचं. नाहीतर मी चौकात जाऊन तोफेवर एकदाच, हळूच, टक्क करणार."

दोघांनी हातोडीकडे पाहिलं. नंतर एकमेकांकडे पाहिलं. या वेळी त्या दोघांच्या नजरेत जे होतं त्याला देशोदेशींच्या करारांमध्ये परस्पर विश्वास म्हणतात.

खात्याचं उत्तर यथावकाश आलं. धातू विभागाने कळवलं की वस्तूत धातू नसल्याने ती चित्रकला विभागाकडे वर्ग करण्यात येत आहे. चित्रकला विभागाने कळवलं की कलाकृती उल्लेखनीय असली तरी भिंतीवर टांगता येत नाही. तोफ जागच्या जागी राहिली. तिच्याभोवती आता दोरी आहे, आणि पाटीवर तीन भाषांत लिहिलं आहे: टेकू नये.

लग्न झालं. टिंपाना साठ जणांचा झाला आणि पुरला नाही. दोन्ही बँडनी एकाच वेळी दोन वेगळ्या चाली वाजवल्या. त्या कुठे तरी मध्ये एकत्र याव्यात अशी सगळ्यांची इच्छा होती, आणि फादर मिकील यांच्या मते एका क्षणी त्या जवळून गेल्या. अध्यक्ष एकाच बाकावर बसले. मध्ये फक्त एक टोपी होती.

चर्चच्या पायऱ्यांवर मुलीला निरोप देताना विस्तिन यांचे डोळे भरून आले. त्यांनी तिला जवळ घेतलं, कपाळाचा मुका घेतला, आणि कानाशी वाकून म्हणाले, "मी कुणाला सांगणार नाही. निळाच ना?"

मार्तीझ हसली आणि गाडीत बसली. तिथे जोवान्नाबाई सुनेसाठी पाण्याची बाटली घेऊन आधीच येऊन बसल्या होत्या. त्यांनाही काही विचारायचं होतं.

सुजाण वाचकांना बिरमेलच्या लोकांचं हसू येणं स्वाभाविक आहे. तोफ नाही, गोळा नाही, शत्रू नाही, आणि तरी विचारायचं काय, तर पहिला थर कोणता. आपण सुशिक्षित माणसं, या प्रश्नात आपल्याला रस असण्याचं कारण नाही. तरीही आपण इथपर्यंत आला आहात, आणि तो तळव्यावरचा भुगा कोणत्या रंगाचा होता ते अजून सांगितलेलं नाही, हे आपल्या लक्षात आहे. राग आला असल्यास हरकत नाही. दोन्ही क्लबांत सभासदत्व खुलं आहे, परगावच्यांनाही. फक्त नाव नोंदवण्याआधी कोणत्या क्लबात जायचं हे ठरवावं लागतं, आणि ते तर आपण मघाशी ती मूठ उघडली तेव्हाच मनात ठरवलेलं आहे.